देवाचा ताल आणि वाजवणारे हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला तुम्ही चार शब्द बोला, असा निरोप चिटणीसबाईंनी धाडला, तेव्हा मी विचारले, ‘विषय कोणता घेऊ?’ त्या म्हणाल्या, ‘तुमच्या आवडीचा.’ मी म्हटले, ‘मग प्राचीन ग्रीक लोक देवापुढे नाचताना कोणती वाद्ये वाजवीत, त्यावर बोलते.’ त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘बाई, ग्रीस कुठे आणि आपले नंदुरबार कुठे!’ त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण इतकी वर्षे शाळेत इतिहास शिकविल्यावर एक खोड जडली आहे. दूरचे काही वाचले की जवळचे आठवते, आणि जवळचे पाहिले की दूरचे. शिवाय हा विषय आपल्या भजनी वर्गाच्या अगदी दारातला आहे, हे थोड्याच वेळात आपल्या ध्यानात येईल.

ग्रीक लोक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या संगमरवरी मूर्ती उभ्या राहतात. मूर्तींना आवाज नसतो. त्यामुळे तो समाज मोठा शांत, गंभीर असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्यांचे देवकार्य आपल्याइतकेच गलबल्याचे होते. माझ्या नातीने मला मोबाइलवर निरनिराळ्या संग्रहालयांतल्या ग्रीक मातीच्या भांड्यांची चित्रे दाखविली. लाल आणि काळ्या रंगांत रंगविलेली ती भांडी अडीच हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्यांवर नाचणाऱ्या बाया आहेत, आणि त्यांच्या हातांत काय आहे ते पाहिल्यावर मला हसूच आले. एकीच्या हातात चिपळ्या, दुसरीच्या हातात डफ! टाळांची जोडी तर खरीखुरी, कांस्याची, जमिनीतूनच निघाली आहे.

त्यांची नावे अर्थातच वेगळी. टाळांना ते किंबाला म्हणत. वाटीएवढ्या दोन कांस्याच्या झांजा, मध्ये खोलगट, एकमेकींवर आपटून वाजवायच्या. इंग्रजीतला ‘सिंबल’ हा शब्द त्याच नावाचा वंशज. चिपळ्यांना म्हणत क्रोताला. लाकडाच्या, बोरूच्या किंवा हाडाच्या दोन पट्ट्या एका टोकाला बांधलेल्या, प्रत्येक हातात एक जोडी. हात मिटला की ‘टक्’ आवाज. आपल्याकडे करताल आणि त्यांच्याकडे क्रोताला, तेव्हा शब्दही एकच असेल असे कोणालाही वाटेल. पण नुसत्या उच्चारावर जाऊ नये. आपला शब्द तळहातावरून आला आहे, आणि त्यांचा खडखडाट या अर्थाच्या त्यांच्याच शब्दावरून. तिसरे वाद्य टिम्पानॉन, म्हणजे लाकडी कड्यावर एका किंवा दोन्ही अंगांनी कातडे ताणून केलेला हातातला डफ. डाव्या हाताने कडे खालून धरायचे आणि उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायचे. खंडोबाच्या वाघ्याची डिमडी आपण पाहिली आहे. तिचा आकार मनाने परातीएवढा करा, की झाले टिम्पानॉन. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी हे त्याच कुळातले वाद्य. ज्या वाद्याला काठी लागत नाही, ज्याला जमिनीवर ठेवावे लागत नाही आणि जे हातात घेऊन नाचता येते, तेच नाचणाऱ्याचे खरे वाद्य.

या टाळांपैकी एक माझ्या फार मनात भरला आहे. तो अथेन्सच्या संग्रहालयात आहे. त्यावर अक्षरे कोरलेली आहेत आणि त्यांचा अर्थ एवढाच की कामोने हा कोरे देवीला वाहिला. कोरे ही धान्यदेवतेची लेक. कामो हे बाईचे नाव. ती कोणाची कोण, काही कळत नाही. पण भांड्यावर नाव घालण्याची हौस आपल्याला नवी आहे का? लग्नात दिलेल्या ताटावर, देवळाला दिलेल्या समईवर आपण कासाराकडून नाव घालून घेतोच. कामोनेही घालून घेतले, आणि तिच्या काळचे कितीतरी मोठे लोक विस्मृतीत गेले, तरी टाळ वाजविणारी ही बाई नावानिशी उरली.

आता हा डफ त्यांच्याकडे आला कोठून, त्याची त्यांची कथा ऐका. क्रोनोस नावाच्या देवाला भविष्य कळले होते की आपले पोरच आपले राज्य घेईल. म्हणून झालेले प्रत्येक मूल तो गिळून टाकी. शेवटचे मूल झाले तेव्हा त्याच्या बायकोने, रेआने, ते क्रीट बेटावरच्या एका गुहेत लपविले. पण तान्हे मूल रडल्याशिवाय कसे राहील? रडणे बापाच्या कानी जाऊ नये म्हणून काही तरुण गुहेभोवती ढाली आपटीत नाचू लागले. पुढे त्यांच्याच जोडीच्या देवगणांनी कातडे ताणून डफ केला आणि तो त्या आईच्या हाती दिला, असे युरिपिडीस नावाच्या नाटककाराने आपल्या नाटकात गायिले आहे. ते मूल म्हणजे देवांचा राजा झ्यूस. कंसाची आणि गोकुळाची आठवण आपल्याला आल्यावाचून राहत नाही. क्रीटमधल्या इडा पर्वताच्या गुहेत कांस्याची एक मोठी चकती सापडली आहे. तिच्यावर मध्ये देव आणि दोन्ही बाजूंस डफासारखी वाद्ये वाजविणाऱ्या आकृती आहेत. म्हणजे गोष्ट केवळ कवीच्या डोक्यातली नव्हती. त्या गुहेत वाद्याची परंपरा खरोखर होती. मला या कथेत आवडते ते हे, की वाद्याचा जन्म करमणुकीसाठी झाला नाही. एका आईचे मूल वाचावे म्हणून झाला.

याच ग्रीकांनी आपल्याला पाहिले तेव्हा त्यांना काय वाटले? चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी मेगॅस्थेनीस वकील म्हणून आला होता. त्याचे ग्रंथ हरवले, पण त्यांच्या आधारे पुढे एरियन नावाच्या ग्रंथकाराने हिंदुस्थानाविषयी लिहिले. त्यात तो म्हणतो की हिंदी लोकांना टाळ आणि ढोल वाजवून देवाची पूजा करावयास आणि नाचावयास आमच्या डायोनिसस देवाने शिकविले. वाचून गंमत वाटते. परक्या मुलखात आपल्यासारखेच काही दिसले की ‘हे आमच्याकडूनच गेले’ असे म्हणण्याची हौस सगळ्यांनाच असते, आणि आपणही त्यातून सुटलेलो नाही. कोणी कोणाला शिकविले या वादात मी शिरत नाही. माणसाला दोन हात आहेत, छातीत ठोका आहे आणि पायाखाली जमीन आहे. एवढ्या भांडवलावर ताल कोठेही जन्मू शकतो.

तो कसा जन्मतो हे पाहावयास आपल्याला ग्रीसला जावयास नको. आपला नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यापासून वेगळा झाला, पण सातपुड्यातला ढोल त्याच्या कितीतरी आधीचा. अक्कलकुव्याकडे काठी संस्थानची राजवाडी होळी आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. इतर गावी होळी संध्याकाळी पेटते. काठीला रात्रभर ढोल वाजतो आणि होळी पहाटे पेटते. डोंगराडोंगरांतून पाड्यापाड्यांचे लोक आपापले ढोल घेऊन येतात. ढोल असा दांडगा की वाजविणारा त्याच्याआड झाकून जावा. मी गेले होते तेव्हा पहिला ढोल मला कानांनी ऐकू आलाच नाही, तो पायांच्या तळव्यांना आला. उतारावरून खाली येत होतो आणि जमीनच धडधडू लागली.

तेथे नाचणाऱ्यांत बावा आणि बुध्या असतात. अंगावर राखेचे पांढरे ठिपके, डोक्याला बांबूचे आणि मोरपिसांचे उंच टोप, आणि कमरेला सुकलेले भोपळे व घुंगरू. पाय आपटला की भोपळे एकमेकांवर आपटतात आणि घुंगरू खळखळतात. म्हणजे हा माणूस ढोलाच्या तालावर नाचतो आहे एवढेच नव्हे, तर त्याचे सारे शरीरच वाद्य झाले आहे. ग्रीक बाई हातात क्रोताला घेऊन नाचे तेव्हा हेच होत असणार. वाजविणारा एकीकडे आणि नाचणारा दुसरीकडे असा भेद देवाच्या नाचात टिकत नाही. एवढ्या गर्दीत पुढच्याचे पाऊल मागच्याला दिसत नाही, म्हातारा आणि पोर यांचे बळ सारखे नसते. तरी सगळ्यांचे पाऊल एकाच वेळी पडते, कारण ढोल सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येतो. ढोलाचे हे काम लक्षात ठेवा. तो शेकडो माणसांचा एक माणूस करतो.

आणि हे सगळे फुकट मिळत नाही. होळीपूर्वी हे नाचणारे काही दिवस पालनी पाळतात. खाटेवर बसायचे नाही, जमिनीवर निजायचे, खाण्यापिण्याचे निर्बंध पाळायचे, बायकांपासून दूर राहायचे. हे शेवटचे कलम ऐकून आपल्यातल्या काही जणी हसल्या, ते मला येथून दिसले. हसा, पण ते मनात ठेवा, कारण आता मी त्याच मुद्द्यावर येते आहे. काठीच्या होळीत बायाही फेर धरून नाचतात, चांदीने मढून नाचतात. परंतु व्रताचे ते सोंग आणि तो मोठा ढोल पुरुषांचा. मला फार दिवस वाटे की जगभर असेच असणार. बाई नाचेल, बाई गाईल, पण चामड्याला हात लावणार नाही.

ग्रीक भांड्यांनी माझा हा समज उलटा केला. त्या चित्रांत टिम्पानॉन बहुतेक वेळा बायांच्याच हातांत आहे. सिबेली नावाच्या महामातेच्या पूजेत आणि डायोनिससच्या उत्सवात डफ हा बायांचा. आणि या कोणत्या बाया? ज्यांना एरवी अथेन्ससारख्या शहरात घराबाहेर फारसे पडता येत नसे त्या. सूत काता, माग चालवा, पोरे सांभाळा. देवाचे निमित्त झाले की त्यांना रस्ता मोकळा. आपल्या आज्यांना हळदीकुंकू आणि मंगळागौर हे जसे निमित्त होते, तसेच ते.

पुरुषांना ते आवडत होते का? त्यांचीच नाटके साक्ष देतात. ॲरिस्टोफनीसचे एक विनोदी नाटक इ. स. पूर्व ४११ मध्ये झाले. त्याची नायिका बायांची सभा बोलावते. विषय मोठा गंभीर, चाललेले युद्ध कसे थांबवावे हा. पण कोणीच वेळेवर येत नाही. तेव्हा ती कुरकुरते की उत्सवाला बोलाविले असते तर डफांच्या गर्दीतून वाट मिळाली नसती! आपल्या चिटणीसबाई आत्ता मान डोलवीत आहेत. मंडळाची सभा आणि मंडळाचा गरबा यांच्या हजेरीपत्रकांतला फरक त्यांच्याइतका दुसऱ्या कोणास ठाऊक नाही.

युरिपिडीसचे नाटक याहून भयंकर आहे. ते तो वारल्यावर, इ. स. पूर्व ४०५ च्या सुमारास रंगभूमीवर आले. देव डायोनिसस बायांचा मेळा घेऊन एका नगरात येतो. तेथला तरुण राजा संतापतो आणि म्हणतो की या बायांना मी विकून टाकीन, नाहीतर त्यांच्या हातांतला हा कातड्याचा धडधडाट बंद करून त्यांना माझ्या मागावर दासी म्हणून बसवीन. डफ काढून घ्यायचा आणि हात मागाला जुंपायचे! नाटकाच्या शेवटी त्या राजाची फार वाईट गत होते, त्याची आईच देवाच्या भरात त्याला ओळखत नाही. पण मला घाबरविते ती त्याची धमकी. हात तेच. ते कोणासाठी चालायचे, एवढाच प्रश्न.

तिसरी गोष्ट न्यायसभेतली. इ. स. पूर्व ३३० मध्ये डेमोस्थेनीस नावाच्या थोर वक्त्याने आपल्या प्रतिस्पर्ध्याला, एस्किनीसला, भर सभेत हिणविले. कशावरून? तर हा डफ वाजविणाऱ्या बाईचा मुलगा आहे म्हणून. एस्किनीसची आई पूजाविधींत काम करी. शेकडो पुरुष ऐकत असताना एका म्हाताऱ्या बाईच्या हातातला डफ ही शिवी झाली. त्याच शहराच्या भांड्यांवर डफवाल्या बाया किती हौसेने रंगविल्या होत्या, हे ध्यानात घ्या. घरातल्या कलशावर ती हवी. सभेत तिचा मुलगा नको.

रोमने तर याचा कायदाच केला. इ. स. पूर्व २०४ मध्ये युद्धाच्या संकटात रोमनांनी महामाता सिबेलीला मोठ्या मानाने शहरात आणले. तिच्याबरोबर तिचे पुजारी आले. लांब केस, बायकी झगे, हातांत डफ आणि झांजा. अंगावर आसूड ओढून घेत ते दारोदार भिक्षा मागत. रोमनांनी देवीला टेकडीवर देऊळ बांधले, पण आपल्या नागरिकांपैकी कोणीही त्या वाजवीत जाणाऱ्या मिरवणुकीत सामील होऊ नये असे ठरविले. देवी आपली, वाजविणारे मात्र परके.

हे वर्णन ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे कोण आले? मरीआईचा पोतराजच ना! तेच लांब केस, तोच रंगीत घागरा, अंगावर तोच आसूड, आणि शेजारी डोक्यावर देवीचा गाडा घेऊन ढोलके घुमविणारी त्याची बायको. एकाने दुसऱ्याकडून घेतले असे मी म्हणत नाही. पण दोन्ही समाजांनी वाजविणाऱ्याला वागविले ते मात्र अगदी एका साच्यातले. देवाला वाद्य हवे, आणि वाजविणारा उंबऱ्याबाहेर हवा. सूप भरून दाणे घालायचे ते अंतरावरून. लग्नात हलगीवाल्याशिवाय वरात हलत नाही, पण पंगतीत त्याचे पान वेगळे. मेलेल्या जनावराचे कातडे कमवायचे, ते ताणून मढवायचे, विस्तवावर शेकून त्याचा स्वर चढवायचा, हे सारे ज्यांच्या हातांनी होते, तेच हात आपण पिढ्यान्‌पिढ्या विटाळाचे मानले. आणि त्या कातड्यावरचा नाद मात्र देवाच्या गाभाऱ्यापर्यंत नेला!

बाईच्या बाबतीत तर आणखीच वाईट झाले. तसे पाहिले तर आपल्याकडेही बाईच्या हातात वाद्य फार जुने आहे. पुण्याजवळ भाजे येथील दोन हजार वर्षांहून जुन्या लेण्यात एक बाई ढोलक्यांची जोडी वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. औरंगाबादच्या लेण्यांत मध्ये एक नर्तकी आहे आणि तिच्या दोहों बाजूंस वाजविणाऱ्या सगळ्या बायाच बसल्या आहेत. पुरुष एकही नाही. शिल्पकाराला त्यात काही वावगे वाटले नाही. पण पुढे आपण काय केले? जी बाई देवापुढे वाजवील, नाचेल, ती देवालाच वाहिली पाहिजे असे ठरविले. जेजुरीच्या खंडोबाला मुली वाहून मुरळ्या केल्या, यल्लम्माला वाहून जोगतिणी केल्या. हातात घाटी दिली, चौंडके दिले आणि संसार काढून घेतला. नवस आईबापांचा, तो फेडला लेकीने जन्मभर. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि महाराष्ट्रात २००५ साली ही प्रथाच नाहीशी करण्याचा कायदा झाला. मधली सत्तर वर्षे मोजा, म्हणजे चाल मोडणे किती कठीण असते ते कळेल.

यातून आपल्या घरांत एक भीती बसली. वाजविणारी बाई म्हणजे वाहिलेली बाई. म्हणून कुलीन घरांतल्या बायांनी वाद्य खाली ठेवले. ठेवले, पण ताल कोठे ठेवणार? तो त्यांनी घरातल्या वस्तूंत लपविला. मंगळागौरीला सूप नाचविले, लाटणी आपटली. नवरात्रात महालक्ष्मीपुढे रिकाम्या घागरी फुंकल्या. आपल्या खानदेशात भुलाबाईपुढे पोरींनी टिपऱ्या धरल्या. आणि काहीच नसेल तेव्हा टाळी होतीच, फुगडीत पाय होतेच. माझे तर असे मत आहे की स्वयंपाकघर हा आपल्या बायांचा वाद्यांचा कारखाना होता.

आता मी कानबाईवर येते आणि भाषण आवरते घेते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई बसते. भाऊबंद एका घरी जमतात, रोट होतात, नारळाला साज चढतो, रात्र जागविली जाते. सोमवारी सकाळी बाया कानबाईला डोक्यावर घेतात आणि नदीची वाट धरतात. वाटेवर चौकाचौकांत फुगड्या होतात. साठी उलटलेल्या सासवा सुनांचे हात धरून फिरतात. एवढा मोकळा बायांचा देवनाच मी दुसरा पाहिलेला नाही. पण मिरवणुकीच्या पुढे कोण असते? पूर्वी भाड्याने सांगितलेले डफवाले, ढोलताशावाले असत. आता कित्येक ठिकाणी गाडीवरचा डीजे असतो, आणि त्याच्या भिंतीएवढ्या पेट्यांतून सिनेमाची गाणी. त्या आवाजाला आपल्या पायांशी काही देणेघेणे नसते. ढोलवाला नाचणाऱ्या बाईकडे पाहून लय कमी-अधिक करतो; ती दमली की तो थांबतो. पेटी थांबत नाही. आपण तिच्या मागे फरफटत जातो. शिवाय कानबाईची अहिराणी गाणी त्यात बुडून गेली, ते नुकसान वेगळेच.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. आपल्या भजनी वर्गात टाळ आहेत, चिपळ्या आहेत. त्यांत दोन ढोल, चार डफ आणि एक संबळ यांची भर घालावी आणि येत्या श्रावणात कानबाईपुढे आपणच वाजवावे. ‘बायांनी ढोल?’ असे कोणी विचारील. पुण्याच्या गणपतीत मुली कमरेला ढोल बांधून तास न्‌ तास वाजवितात, आणि त्यांतल्या कित्येक डॉक्टर, इंजिनियर आहेत. त्यांना कोणी देवाला वाहिलेले नाही. त्या घरून निघतात, वाजवितात आणि घरी परततात. वाद्य वाईट नव्हते, भगिनींनो. त्याला बांधलेला दोर वाईट होता. तो कायद्याने तुटला आहे. आपल्या मनातून अजून सुटावयाचा आहे.

पण या सूचनेला एक आक्षेप आहे, आणि तो मी स्वतःच घेते. आपण वाजवू लागलो तर ज्यांचे पोट त्या डफावर आहे त्यांनी काय करावे? आपल्या हौसेसाठी त्यांच्या हातचे काम जावे हे काही बरे नव्हे. म्हणून मी म्हणते, शिकवावयास त्यांनाच बोलवा. ढोल मढवून घ्यावयाचा तो त्यांच्याकडूनच. कातडे केव्हा शेकावे, पावसाळी हवेत ते का ढिले पडते, कोणता ठोका चालण्याचा आणि कोणता फुगडीचा, हे पुस्तकात नाही, त्यांच्या बोटांत आहे. संगीताच्या शिक्षकाला जसे मानधन देतो तसे त्यांना द्यावे, आणि ‘अरे-तुरे’ न करता ‘गुरुजी’ म्हणावे. सातपुड्यातल्या भगिनींनाही बोलवावे. ढोल शिकवावयास येतील त्यांना पाहुणचार करावा. ‘आदिवासी नृत्य’ म्हणून त्यांना मंचावर नाचवून टाळ्या वाजवून परत पाठवू नये.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत लहान, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कानबाईचा रोट भाऊबंदांतच खायचा अशी पुष्कळ घरांत रीत आहे. रीत मोडा असे मी म्हणत नाही. पण पुरणपोळीला ती रीत नाही! सोमवारी नदीवरून परतल्यावर वाजविणाऱ्याचे पान ओट्यावर वेगळे मांडू नका. घरात, आपल्याच पंगतीत, आपल्या माणसांच्या मांडीला मांडी लावून मांडा. अथेन्सला हे साधले नाही, रोमला साधले नाही. त्यांची देवळे आज ओसाड आहेत आणि डफ संग्रहालयांतल्या भांड्यांवर मुके आहेत. आपली कानबाई दर श्रावणात येते. आपल्याला दर वर्षी नवी संधी आहे.

खजिनदारबाईंनी दोन ढोलांचा खर्च मनातल्या मनात मांडावयास सुरुवात केलेली दिसते, हे शुभचिन्ह समजते. पहिल्या डफाचे पैसे मी देईन. मात्र कामोप्रमाणे त्यावर नाव घालावयाचे ते माझे नको, मंडळाचे घाला, आणि खाली तो ज्याने मढविला त्याचेही घाला.